जॉर्डन, बाळू आणि ‘टीममध्ये बसतो का?’ हा प्रश्न

घुग्घुसहून बोलतोय. आजचा भाग टीम निवडण्याबद्दल आहे.

भिडू वाटून घेताना हा पेच कायम येतो. समोर दोन पोरं उभी असतात. एक जबरदस्त खेळतो, पण त्याच जागेवर खेळणारा आपल्याकडे आधीच आहे. दुसरा तेवढा भारी नाही, पण नेमका तसाच भिडू आपल्याला कमी आहे. कोणाला घ्यायचं?

बास्केटबॉलमध्ये या पेचाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८४ चं आहे. अमेरिकेच्या एनबीएमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. आयपीएलसारखी बोली लागत नाही. संघ नंबर लावून एकेक खेळाडू उचलतात. त्या वर्षी पहिला नंबर ह्यूस्टनचा होता, त्यांनी हकीम ओलाजुवानला घेतलं. दुसरा नंबर पोर्टलँडचा. समोर मायकल जॉर्डन होता. त्यांनी घेतलं सॅम बोवीला. तिसऱ्या नंबरवर शिकागोने जॉर्डनला उचललं.

आज हे ऐकून हसू येतं, पण पोर्टलँडची माणसं वेडी नव्हती. जॉर्डन ज्या जागेवर खेळायचा, तिथे त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर होता. तो आदल्याच वर्षी घेतलेला, आणि पुढे तोही मोठा खेळाडू झाला. त्यांना कमी होता तो सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच माणूस. १९७७ चं त्यांचं विजेतेपदही बिल वॉल्टन या सेंटरच्या जोरावर आलेलं. बोवी सात फुटांहून उंच. हिशोब सरळ होता.

पण त्या हिशोबात दोन गोष्टी कच्च्या राहिल्या. एक म्हणजे, पायाच्या दुखापतीमुळे बोवीचे कॉलेजातले दोन अख्खे सीझन आधीच वाया गेले होते. पुढेही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. दुसरी गोष्ट, टीमची गरज आजची असते, ती दोन वर्षांत बदलते. खेळाडूचं कसब मात्र दहा-बारा वर्षं सोबत राहतं. जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदं मिळवून दिली. त्यातलं १९९२ चं तर फायनलमध्ये पोर्टलँडलाच हरवून!

तरी पोर्टलँडची चूक खेळाच्या हिशोबातली होती. ‘आमच्याकडे काय कमी आहे?’ असं त्यांनी विचारलं. आपल्या महाराष्ट्रात एका माणसाबद्दल ‘हा टीममध्ये बसतो का?’ हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्याचा खेळाशी काही संबंध नव्हता.

त्या माणसाचं नाव बाळू पालवणकर. जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. तरुणपणी पुण्यात गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये महिना ४ रुपयांवर नोकरी. रोलर फिरवायचा, पिच तयार करायचं, नेट लावायचं. हळूहळू साहेब लोक त्यांच्याकडून बॉलिंगचा सराव करून घ्यायला लागले. त्यातले जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले बॅट्समन. बाळूंनी आउट केलं की ते आठ आणे द्यायचे, असं सांगतात. डावखुरी फिरकी होती. बॅटिंगचा चान्स मात्र बाळूंना तिथे मिळत नव्हता.

तेव्हा पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि गावातला सगळ्यात चांगला बॉलर रोलर ओढत होता. बघा, इथे टॅलेंटही होतं आणि गरजही होती. तरी वाद झाला. काही तेलुगू सभासद बाळूंना घ्या म्हणत होते, काही ब्राह्मण खेळाडूंना ते मान्य नव्हतं. शेवटी घेतलं. पण कसं? मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावायचे, आणि चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं.

पुढे ते मुंबईला गेले. तिथे हिंदू संघाकडून खेळताना ही बंधनं सैल झाली. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ विकेट घेतल्या.

म्हणजे खेळाडू म्हणून ते टीममध्ये फिट बसले. पण कप्तान म्हणून? ते कप्तानपद बाळूंना कधीच मिळालं नाही. कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी एका सत्कारात स्वतःच सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं, आणि त्यांचा भाऊ विठ्ठल याला डावलून कप्तानपद दुसऱ्याला दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. मग तडजोड झाली. अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान म्हणून परतले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघ त्यांनी चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कप्तान झाले. त्याच वर्षी हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. संघ विस्कटेल, ही भीती किती पोकळ होती ते तिथेच दिसलं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. ‘टीममध्ये बसतो का?’ हा प्रश्न वाईट नाही. पाच सेंटर घेऊन बास्केटबॉल जिंकता येत नाही आणि अकरा बॉलर घेऊन क्रिकेटही नाही. पण प्रश्न कामाबद्दल हवा. आपल्याला डावखुरा बॉलर हवा, उंच पोरगा हवा, रेडर हवा, हे कामाबद्दल झालं. ‘तो आपल्यातला नाही’ हे माणसाबद्दल झालं. पहिल्यात चूक झाली तर एक ट्रॉफी जाते. दुसऱ्यात एका माणसाचं आख्खं करिअर कमी पडतं, आणि नुकसान झालं हे टीमला कळतही नाही.

घुग्घुसमध्ये खाणी आणि कारखान्यांमुळे कुठकुठली माणसं येऊन राहिली आहेत. मैदानावर मराठी, हिंदी, तेलुगू सगळं कानावर पडतं. त्यामुळे पुढच्या वेळी टीम निवडताना कोणी म्हणालं, ‘तो भारी खेळतो, पण आपल्यात बसत नाही,’ तर एवढंच विचारा: कोणत्या कामात बसत नाही?

उत्तर देता आलं तर त्याचं ऐका. नाही देता आलं तर त्या पोराला टीममध्ये घ्या.

भेटू पुढच्या भागात.