जनरल डोव्हातोर : मॉस्कोच्या रणभूमीवरील घोडेस्वार

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांपुढे घोडदळ कालबाह्य ठरल्याचे मानले जात होते. तरीही १९४१ मध्ये मॉस्कोच्या रक्षणात सोव्हिएत घोडदळाने मोलाची कामगिरी बजावली. या दलाचे एक गाजलेले सेनानी म्हणजे मेजर जनरल लेव्ह मिखाइलोविच डोव्हातोर.

आजच्या बेलारूसमधील खोतिनो या खेड्यात १९०३ साली जन्मलेले डोव्हातोर १९२४ मध्ये लाल सेनेत दाखल झाले. १९३९ मध्ये त्यांनी फ्रुंझे लष्करी अकादमीतील शिक्षण पूर्ण केले. ऑगस्ट १९४१ मध्ये स्मोलेन्स्क परिसरात सुमारे ३,००० स्वारांनिशी ते जर्मनांच्या पिछाडीस घुसले. रणगाड्यांना दुर्गम असलेल्या जंगलांतून आणि दलदलीतून त्यांच्या घोडेस्वारांनी वाट काढली व शत्रूच्या दळणवळणावर छापे घातले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या कोअरला ‘गार्ड्‌स’ हा बहुमान मिळाला.

मॉस्कोसमोरील प्रतिहल्ल्यात १९ डिसेंबर १९४१ रोजी रुझा नदीकाठच्या पलाश्किनो गावाजवळ शत्रूच्या गोळीबारात त्यांना वीरमरण आले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. दोनच दिवसांनी, २१ डिसेंबरला, त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब मरणोत्तर जाहीर झाला. ऑर्डर ऑफ लेनिन, ऑर्डर ऑफ द रेड बॅनर आणि ऑर्डर ऑफ द रेड स्टार हे सन्मानही त्यांच्या नावावर आहेत.

त्यांच्या अस्थींना मात्र अंतिम विसावा १९५९ मध्ये लाभला. मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीत जनरल पानफिलोव्ह आणि वैमानिक तालालिखिन यांच्यासमवेत ते एकाच समाधीत विसावले आहेत. तिघांनीही १९४१ मध्ये मॉस्कोच्या रक्षणार्थ प्राण वेचले होते.