त्वचेचे रापणे

सूर्याच्या जंबुपार किरणांमुळे त्वचेत मेलॅनीन हे रंजकद्रव्य वाढून वर्ण गडद होण्याची क्रिया. रंजक निर्माण करणाऱ्या कोशिकांची संख्या सर्व मानवसमूहांत जवळजवळ सारखीच असते. भेद पडतो तो रंजकाच्या प्रकारात व प्रमाणात, आणि त्याची मुखत्यारी बव्हंशी जनुकांकडे असते. किरणांनी डीएनएला इजा पोहोचताच बाह्यत्वचेतील कोशिका जे हॉर्मोन स्रवतात, ते रंजककोशिकेवरील एमसी१आर या ग्राहीला जडते, आणि मग तयार झालेले काळपट यूमेलॅनिनाचे कण शेजारच्या कोशिकांत शिरून त्यांच्या केंद्रकांवर छत्रासारखे पसरतात. आयर्लंड-स्कॉटलंडमधील तांबड्या केसांच्या बहुतेक लोकांत मात्र या ग्राहीच्या जनुकाची दुबळी रूपे आईबाप दोघांकडूनही आलेली असल्यामुळे तांबूस फिओमेलॅनीनच अधिक साठते, आणि त्यांची त्वचा रापण्याऐवजी भाजून निघते. २००५ मध्ये झेब्रामाशाच्या अभ्यासातून ज्याचे महत्त्व उमगले, त्या एसएलसी२४ए५ जनुकाचे वर्ण उजळविणारे रूप यूरोपात जवळजवळ सार्वत्रिक असून भारतातही विपुल आढळते. सख्ख्या भावंडांचे वर्ण निराळे निघतात, त्यामागे असाच जनुकांचा वारसा असतो. गोऱ्या त्वचेला रापण्याने मिळणारे संरक्षण अल्प असते आणि त्याची किंमत डीएनएच्या हानीने मोजावी लागते. म्हणून केवळ वर्णासाठी उन्हात पडून राहणे सर्वथा अहितकारक होय.