भरलेली जागा

आमच्या नानांचा एकच फोटो घरात उरला आहे. त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला. गेल्या वर्षी भाच्याने मोबाईलवर तो 'नवा' केला. रंग आले, सुरकुत्या गेल्या, गाल भरले. अम्मी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "फोटो छान आहे, पण हे माझे अब्बा नाहीत."

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल आला. त्याची बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. नक्कल कितीही प्रामाणिक असली, तरी तिच्यात नकलकाराचा हात उतरतोच.

निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी म्हणून कॅमेऱ्याचा आधार घेतला. १९३० ते १९५५ या काळात त्यांचा 'अजंता' ग्रंथ चार भागांत निघाला. ही चित्रे छायाचित्रांवर आधारलेली आहेत, हे त्यांनी ग्रंथाच्या इंग्रजी नावातच नोंदवले. भिंतीवरचा गिलावा जिथे निखळला, तिथे तो निखळलेलाच दिसतो. पण कॅमेराही पूर्ण निःपक्ष नसतो. इटालियन तज्ज्ञांनी १९२० नंतर चित्रांवर लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. त्यानंतर कॅमेऱ्याला दिसला तो त्या थराखालचा रंग. शिवाय छपाईत रंग जुळवायला माणूस लागतोच.

आज नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार अजिंठ्याच्या चित्रांतील गेलेले भाग संगणकावर भरून काढतात. काहींना ही ढवळाढवळ वाटेल. मला तसे वाटत नाही. मूळ भिंतीला हात लागलेला नाही आणि चित्र पुन्हा उभे केलेले आहे, हे उघड सांगितलेले आहे. कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य हवेच. मात्र भरलेली जागा मूळचीच आहे असे भासवले, की ते स्वातंत्र्य राहत नाही, ती खोटी साक्ष होते. जुन्या कबरी आणि जुनी नावे यांवरून जिथे वाद पेटतात, त्या आपल्या शहरात तर एका बदललेल्या फोटोची किंमत फार मोठी असू शकते.

नानांचा नवा फोटो आम्ही फेकला नाही. त्याच्या मागे काय काय बदलले ते लिहिले आणि वाळवीने खाल्लेला मूळ फोटो त्याच्या शेजारी लावला. अम्मी रोज त्या जुन्याचीच धूळ पुसते.