मोहल्ल्यातली बैठक

इंदापूर तालुक्यातील बावडा हे गाव बारामती लोकसभा मतदारसंघात येते. २०१४ साली या मतदारसंघातून सुरेश खोपडे नावाचे निवृत्त पोलीस अधिकारी आम आदमी पक्षाच्या तिकिटावर उभे होते. ते पडले, यात नवल नाही. पण आपल्या समाजाने त्यांची आठवण ठेवावी ती निवडणुकीसाठी नव्हे, भिवंडीसाठी.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. कोकणी मुसलमान मूळचे, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आगरी, मराठे, सगळे एका गल्लीत. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. मादन आयोगाने तिची चौकशी केली, पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवले. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. ती आग तर मुंबईपर्यंत गेली. मुसलमानाला पोलीस म्हणजे जुलूम आणि पोलिसाला मोहल्ला म्हणजे धोका, असे दोन्हीकडे पक्के झाले.

१९८८ साली खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या आधीही होत्या. सण आला की पुढारी पोलीस ठाण्यात जमायचे, चहा घ्यायचे, एकोप्याची भाषणे द्यायचे आणि घरी जायचे. (आपल्याकडच्या किती सभा अशाच होतात!) खोपड्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवले. साठ-सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही. कामगार, दुकानदार, साधी माणसे. बैठक मोहल्ल्यातच आणि तीही बारमाही. त्या भागाचा पोलीस अधिकारी समोर बसलेला. विषय कोणते? नळावरचे भांडण, नवरा-बायकोचा तंटा, गल्लीतला गुंड. धर्माचे नाव निघायच्या आत भांडण मिटायचे. महत्त्वाचे म्हणजे, ज्या शिपायाला लोक नावाने ओळखतात त्याच्यावर दगड उचलताना हात थबकतो. आणि शिपायालाही समोरचा जमाव म्हणजे नुसता जमाव वाटत नाही.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. तेव्हा तेथे गुलाबराव पोळ हे अधिकारी होते. त्यांनीही ही कमिट्यांची वाट सोडली नव्हती. मुंबईने धडा घेतला तो नंतर, १९९४ मध्ये. पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला कमिट्या निघाल्या.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. भिवंडीतले अधिकारी बदलत गेले, कमिट्या थंडावल्या. आपणही त्या पोलिसांच्या म्हणून सोडून दिल्या. आपल्या म्हणून चालवल्या नाहीत. २००६ मध्ये कोटरगेट भागात पोलीस ठाण्याच्या इमारतीचे काम निघाले. जागा कब्रस्तानची आहे, असा लोकांचा दावा होता. खरे तर हा मोजणीचा, कागदपत्रांचा, चार बैठकांचा प्रश्न. ५ जुलैला तो रस्त्यावर आला. दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, गोळीबारात आपली दोन माणसे गेली. त्याच रात्री दोन पोलीस शिपाई जमावाच्या हाती सापडले. त्यांना ठार मारण्यात आले.