सांगली-साताऱ्याचा मुलूख आणि रेट्रोविषाणू

सातारा-सांगलीच्या अर्वाचीन इतिहासात प्रतिसरकाराला आणि सहकारी साखर कारखान्यांना यथोचित मान मिळाला. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस याच मुलखातील अनेक घरांचे कर्ते पुरुष ज्याने हिरावून नेले, त्या एचआयव्ही नामक विषाणूची हकीकत सरकारी दप्तरातील आकड्यांपुरतीच उरावी, हे मला अन्यायाचे वाटते.

हा विषाणू रेट्रोविषाणूंच्या कुळातला. आपली आनुवंशिक सनद तो आरएनएच्या रूपाने बाळगतो, पेशीत शिरताच तिची डीएनएत उलट नक्कल करतो आणि ती नक्कल यजमानाच्या गुणसूत्रांत कायमची दाखल करतो. हा उलटा क्रम हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे सिद्ध केला. भारतात एचआयव्हीचा पहिला दाखला १९८६ साली मद्रासेत मिळाला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्या, आणि रक्ताचे नमुने जमवणाऱ्या सेल्लप्पन निर्मला त्यांच्या विद्यार्थिनी.

पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या मालमोटारी, सांगलीची हळदपेठ, माण-खटावच्या दुष्काळी गावांतून पोटासाठी मुंबई गाठणारा पुरुषवर्ग, अशा मुलखात विषाणूला वाट सापडली, आणि दोष मात्र धंदा करणाऱ्या बायांच्या माथी आला. मीना शेषू यांनी १९९२ साली सांगलीत 'संग्राम' संस्थेचे कार्य आरंभिले, तेव्हा या बायांनीच आपल्या सोबतिणींना निरोध पुरवण्याचे आणि रोगाची माहिती देण्याचे काम अंगावर घेतले. १९९६ साली त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. उपदेशकांना जे साधले नाही ते या बायांनी करून दाखवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मुलखाला छळणाऱ्या विषाणूच्या कुळाची गुणसूत्रांत शिरण्याची जी शक्ती, तीच रुग्णाच्या पेशींत उपयुक्त जनुक वाहून नेण्यास उपयोगी पडेल, हे संशोधकांनी जाणले. १९८३ साली पुनरुत्पादनास असमर्थ असे रेट्रोविषाणूचे वाहक निर्माण करणाऱ्या पेशी तयार झाल्या. तरीही १९९२ साली अमेरिकेतील एका प्रयोगात वाहकात मिसळलेल्या पुनरुत्पादनक्षम विषाणूमुळे तीन माकडांना लसिकार्बुद (लसिका पेशींचा कर्करोग) झाल्याचे प्रसिद्ध झाले. मेंदूच्या अर्बुदात मुद्दाम पसरू दिलेला असा विषाणूही योजला गेला, परंतु २०१९ साली त्याची अंतिम चाचणी अयशस्वी ठरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या मुंबईच्या 'नेक्सकार१९' या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात रुग्णाच्या रोगप्रतिकारक टी-पेशींना नवे जनुक देणारा वाहक एचआयव्हीच्याच लेंटिविषाणू शाखेचा आहे; आणि अशा उपचारांत वाहकात पुनरुत्पादनक्षम विषाणू उरलेला नाही, याची तपासणी करावी लागते.