शाळेची खोली कोणी बांधली?

आजच्या भागात आपण बोलणार आहोत शाळेच्या इमारतीबद्दल. पावसाळा तोंडावर आला की घराची कौले चाळायची, पत्र्यावर ताडपत्री टाकायची, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. शाळेच्या छपराकडे मात्र आपण लांबूनच बघतो आणि म्हणतो, ते सरकारचे काम. सरकारचे काम ते आहेच. पण त्यात आपल्या वाडवडिलांचा पैसा आहे, कितीतरी ठिकाणी त्यांची जमीन आहे, आणि आता कायद्याने आपला शब्दही आहे. हे कसकसे होत गेले, ते आज आपल्याच उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यातून बघू या.

सुरुवात थोडी मागून करू. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती भिडेवाड्यात. म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात. त्या काळी खेड्यातली शाळा भरायची ती देवळाच्या सभामंडपात, चावडीत, नाहीतर कुणाच्या पडवीत. पुढे १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात एक नवा कर आला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा. त्यातले दोन वाटे रस्त्यांसारख्या कामांना आणि एक वाटा शाळांना. याला लोकल फंड म्हणत. आजही जिल्हा परिषदेत 'सेस' हा शब्द ऐकू येतो, त्याचे मूळ इथे आहे. म्हणजे गावची शाळा ही कुणी फुकट दिलेली नव्हती. भात झोडून सारा भरणाऱ्या घरांनी तिचे पैसे भरले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी हेच दुखणे मांडले: पैसा कष्टकऱ्यांचा, आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला.

आता आपल्या भागात येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती, दोन हजारांवर बराकींची. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे लाखभर माणसे या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आपल्या उल्हास नदीवरून. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. पोती आणि साड्यांचे आडोसे करून एका बराकीत कितीतरी कुटुंबे राहिली. तशाच बराकींतून दुकाने लागली आणि मुलांचे वर्गही भरू लागले. सैनिकांच्या झोपण्यासाठी बांधलेली लांबोडकी खोली, तिची शाळा झाली. सगळे गमावलेल्या लोकांनी पोटापाण्याच्या बरोबरीने मुलांच्या पाटीची सोय केली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच सुमारास, १९४५ मध्ये, आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. पुढे १९५७ च्या सुमारास त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. पोरे शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असा त्यांचा विचार. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा चालवली. भिंतीवाचून शिकवता येते, हे या दोघींनी दाखवून दिले. पण याचा अर्थ वाडीवरच्या मुलांना भिंत नसली तरी चालते, असा नाही. श्रावणातल्या पावसात अंगण उपयोगाचे नसते, हे आपल्यासारखे कोणाला ठाऊक?

शाळांचा कारभार पाहायला १९४७ च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळे नेमली गेली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरात नगरपालिकेच्या शाळा. आपल्या पट्ट्यात तर गावाची हद्द कधी नगरपालिकेत गेली ते कळतही नाही. म्हणून आपली शाळा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची की खासगी संस्थेची, हे आधी कागदावर बघायचे. दुरुस्तीचा अर्ज चुकीच्या दारी गेला तर वर्ष वाया जाते.

शाळा वाढल्या, पण कितीतरी एका खोलीत आणि एका गुरुजींवर चालत. १९८७ मध्ये केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम आणली. प्रत्येक प्राथमिक शाळेला पावसाळ्यातही वापरता येतील अशा निदान दोन खोल्या, पुढे पडवी, दोन शिक्षक, त्यात जमेल तिथे एक बाई, आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे. खोल्यांसाठी बराचसा पैसा रोजगार योजनांतून यायचा होता. दोन खोल्या आणि पडवी अशा ठेवणीच्या शाळा अजूनही गावोगाव दिसतात, त्या याच काळाच्या.

मग २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान आले. त्यात एक चांगला नियम होता. बांधकाम ठेकेदाराला न देता गावाच्या समितीने करायचे. सिमेंट किती आले, वाळू कसली आली, स्लॅबवर पाणी किती दिवस मारले, हे गावाच्या डोळ्यासमोर घडायचे. मात्र एकूण खर्चाच्या ३३ टक्क्यांहून जास्त पैसा बांधकामावर घालायचा नाही, अशी मर्यादाही होती. म्हणजे आधी काय बांधायचे आणि काय मागे ठेवायचे, ते ठरवावे लागे. बहुतेक वेळा आधी खोली, आणि मग राहिले तर बाकीचे.

हे 'बाकीचे' म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. पाणी, कुंपण आणि मुलींचे स्वच्छतागृह. वेगळे स्वच्छतागृह १९८७ च्या मोहिमेत लिहिलेले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पुन्हा लिहिले गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत ते बांधायला सांगितले. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात बांधा म्हणून सांगितले. एकच गोष्ट चारदा सांगावी लागते, याचा अर्थ आपण घर चालवणाऱ्या बायका बरोबर ओळखतो. ज्यांना अडचण होते त्या मुली बोलत नव्हत्या, आणि जे ठरवायला बसत त्यांना अडचण होत नव्हती. पाळी आली की मुलगी चार दिवस घरी राही. मास्तर हजेरीवर गैरहजर लिहीत. कारणाचा रकाना हजेरीपटात नव्हता.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने इमारतीची यादीच दिली. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, अपंग मुलाला आत येता येईल असा उतार, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे चांगले पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, खेळायला मैदान आणि कुंपण. आणि याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात शंभरातले पंचाहत्तर सभासद पालक हवेत, आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम. लोकल फंडाच्या काळापासून आपली घरे पैसे देत आली. कशावर खर्च करायचा हे सांगायला निम्म्या खुर्च्या कायद्याने बायकांना दिल्या, त्या आता.

या खुर्च्यांची गरज आपल्या भागात जास्तच आहे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. अंबरनाथ अडीच लाखांवर, उल्हासनगर पाच लाखांवर. पलीकडच्या टॉवरची सावली गावच्या शाळेच्या मैदानावर पडू लागली. जागेला सोन्याचा भाव आला. पूर्वी कुणी भल्या माणसाने शाळेला जागा तोंडी दिली, कागद झालाच नाही, असे पुष्कळ गावांत आहे. म्हणून नवी खोली मागण्याआधी सातबाऱ्यावर शाळेचे नाव आहे का ते पाहा. नसेल तर आधी तो विषय ग्रामसभेत घ्या. ज्या जमिनीचा कागद नाही, तिथे बांधकाम अडकते.

दुसरी गोष्ट पाण्याची. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजारांवर प्रवासी घेऊन. रुळांपर्यंत उल्हास नदीचे पाणी आले होते. अशा भागात शाळेचे जोते किती उंच, हा प्रश्न इंजिनियर साहेबांना विचारायचाच. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठवर येते ते ठाऊक असते. त्यांना जागेवर घेऊन जा.

तिसरी गोष्ट जिवाची. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सात मुले गेली. इमारत एका दिवसात पडत नाही. स्लॅबमध्ये पाणी झिरपते, आतले लोखंड गंजते, गंजले की फुगते, आणि फुगले की सिमेंटला ढकलून देते. आधी तपकिरी डाग दिसतो, मग गिलावा फुगतो, मग पोपडा पडतो, मग सळई उघडी पडते. कौलारू छपराला वाळवी लागते, वासा वाकतो. दार एकाएकी घासायला लागले तर चौकट हलली असे समजा. हे ओळखायला इंजिनियर व्हावे लागत नाही. बोलक्या भिंती छान दिसतात, पण भेगेवर चित्र काढले म्हणून भेग बुजत नाही. रंगाच्या आधी छप्पर, हा क्रम समितीत धरून ठेवा.

आणि एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलायलाच हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला लोकांनी दिवसभर रेल्वे रोखली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांबद्दल आदेश काढले. स्वच्छतागृह बांधून काम संपत नाही, हे त्या प्रसंगाने आपल्याला शिकवले. ते कुठे बांधले, वाटेवर कुणाची नजर असते, आतून कडी लागते का, दिवा आहे का, लहान मुलींसोबत बाई जाते का, हे सगळे नकाशा होतानाच विचारायचे. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात, झाडीत, कुणी जात नाही अशा जागी मुलींचे स्वच्छतागृह बांधू देऊ नका.

आता करायचे काय? ऑगस्टमध्ये, भर पावसात, समितीच्या पाच-सहा जणींनी मिळून शाळा फिरून बघा. कुठे गळते ते पावसातच कळते. तारीख घालून फोटो काढा. शाळा दरवर्षी यूडायस नावाची माहिती भरते. त्यात किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या, असे लिहावे लागते. ती माहिती बाईंना वाचून दाखवायला सांगा. खोली गळत असेल आणि कागदावर 'चांगली' असेल, तर पैसा मागायचा कसा? मग समितीचा ठराव करा, मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. दुरुस्तीला आणि नव्या खोलीला जिल्हा नियोजन समितीतून निधी येऊ शकतो. किरकोळ कामाला समग्र शिक्षेतून पटसंख्येप्रमाणे अनुदान मिळते. मार्च उजाडल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. आराखडा दिवाळीच्या आसपास तयार हवा.

खोली फारच धोक्याची असेल तर ती पाडायला मंजुरी लागते. त्याला कचेरीत निर्लेखन म्हणतात. निर्लेखनाचा आणि नव्या खोलीचा प्रस्ताव एकाच वेळी पाठवा. नाहीतर जुनी खोली पडते, नवी येत नाही आणि मुले वर्षानुवर्षे समाजमंदिरात बसतात. पाडकाम होईपर्यंत त्या खोलीला कुलूप लावून घ्या. मुले खेळता खेळता तिथेच जातात.

मैत्रिणींनो, बराकीतल्या वर्गापासून आजच्या शाळेपर्यंत कोणतीही खोली आपोआप उभी राहिली नाही. कुणीतरी सारा भरला, कुणी जागा दिली, कुणी अर्ज लिहिला. छप्पर आधी आले, खोली नंतर, आणि आपल्या मुलींच्या गरजा सगळ्यात शेवटी. हा क्रम बदलायचा असेल तर समितीच्या पुढच्या बैठकीत सहीपुरते न जाता विषयपत्रिकेत पहिला विषय आपला घाला. बैठक कधी आहे, ते उद्याच शाळेत विचारा. आणि एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या.