मते एकवटावीत की वाटावीत?

श्रोतेहो, ग्रामपंचायतीला मत देताना आपल्या हाती एक नव्हे, दोन-तीन मते असतात. ती सगळी एकालाच देता आली तर?

आपल्या मुंबई इलाख्यात तशी सोय एकदा होती. 1937 सालच्या निवडणुकीत राखीव जागांच्या मतदारसंघांतून एकाहून अधिक प्रतिनिधी निवडले जात. जितक्या जागा तितकी मते, आणि ती वाटा किंवा एकावरच ओता, मतदाराची खुशी. हिशेब करून पाहा. हजार मतदार, तीन जागा. चारशेजण एका बाजूला, सहाशे दुसऱ्या. चारशेंनी आपली बाराशे मते एकाच उमेदवाराला दिली, की सहाशेंकडच्या अठराशे मतांत बाराशेच्या वर जाणारे तिघे काही बसत नाहीत. म्हणजे एक जागा चारशेंची ठरलीच! तेच मत प्रत्येकाला एकेकच द्यायचे म्हटले, तर सहाशेंचे तिन्ही निवडून येतात नि चारशे हात हलवीत घरी जातात. त्या वर्षी मुंबईत स्वतः डॉ. आंबेडकर निवडून आले, आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षालाही चांगले यश मिळाले.

1952 साली नियम पालटला. उत्तर मुंबईत दोन जागा, दोन मते. पण एका उमेदवाराला एकच. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी असे. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या, तर दुसरी बाद. राखीव जागेवर काजरोळकरांना 1,38,137 मते पडली, डॉ. आंबेडकरांना 1,23,576. आता पराभवाला नियमच तेवढा कारण होता, असे मी म्हणणार नाही. काँग्रेसचा जोर होताच. पण 1955 साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात बाबासाहेबांनी पुन्हा दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा मागितली, हे ध्यानात घ्या. उलट, 1961 साली दोन सदस्यांचे मतदारसंघच मोडीत निघाले.

आता नव्या मुंबईकडे वळू. 15 जानेवारी 2026 रोजी तेथे महापालिकेचे मतदान झाले. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक असे. या खेपेस 111 जागांसाठी 28 प्रभाग, बहुतेकांत चार-चार जागा. वरवर पाहता 1937 आठवावे. पण येथे प्रत्येक जागेचे मत निराळे, एकीचे दुसरीवर टाकता येत नाही. तेव्हा प्रभागातले चारशे त्याच सहाशेंपुढे एकाच दिवशी चार वेळा हरू शकतात.